समुद्रावर आखलेल्या अदृश्य रेषा

१/ ५ जून १९४४ची रात्र. हजारो जहाजे नॉर्मंडीकडे निघाली होती आणि वाटेत जर्मनांनी पेरलेले पाणसुरुंग होते. त्यांतून दहा वाटा मोकळ्या करायच्या होत्या. काळोखात त्या ठरल्या जागीच कशा आखल्या गेल्या, त्याची ही कथा.

२/ धोका खरा होता. त्याच संध्याकाळी ‘ऑस्प्रे’ ही सुरुंग काढणारी अमेरिकी नौका सुरुंगाच्या स्फोटात बुडाली. सहा खलाशी मृत्युमुखी पडले. इंग्लिश खाडीतील भरती-ओहोटीचा प्रवाह नौकांना सतत आडवा ढकलतो. मोकळी केलेली वाट आणि नकाशावरची वाट यांत अंतर पडले असते, तर मागून येणारे सैनिक थेट सुरुंगांवर गेले असते.

३/ ब्रिटिशांकडे ‘जी’ ही रेडिओ-दिशादर्शन यंत्रणा होती. पण ती शत्रूला ठाऊक झाली होती आणि तिच्या लहरींत तो अडथळे आणत असे. हवी होती ती त्याला अपरिचित असलेली व्यवस्था.

४/ ती आली एका ग्रामोफोन कंपनीकडून! विल्यम ओब्रायन या अमेरिकी अभियंत्याची कल्पना त्याच्या स्वदेशी लष्कराने नाकारली होती. त्याचा मित्र हार्वी श्वार्झ इंग्लंडमधील डेक्का कंपनीत मुख्य अभियंता होता. त्याच्यामार्फत ती ब्रिटिश नौदलापर्यंत पोहोचली आणि १९४२पासून आयरिश समुद्रात चाचण्या झाल्या.

५/ तत्त्व असे: किनाऱ्यावरील एक मुख्य आणि दोन दुय्यम केंद्रे परस्परांशी ताल राखून कमी वारंवारतेच्या अखंड लहरी सोडत. अशा लांब लहरी पृथ्वीच्या पृष्ठालगत दूरवर जातात. मुख्य व दुय्यम केंद्रांच्या लहरी नौकेपर्यंत येताना त्यांच्या तालात पडलेला फरक तबकडीवरचा काटा दाखवी. दोन तबकड्यांवरून नकाशावर दोन वक्ररेषा मिळत. त्या जिथे छेदत, तिथे नौका.

६/ यात एक उणीव होती. काटा पट्ट्यातील जागा अचूक सांगे. पट्टा कोणता, हे सांगत नसे. म्हणून ज्ञात ठिकाणी काटे जुळवून निघावे लागे आणि पुढे ओलांडलेल्या पट्ट्यांची मोजणी अखंड ठेवावी लागे. ती एकदा तुटली, की यंत्र चुकीची जागाही तितक्याच ठामपणे दाखवी.

७/ आक्रमणासाठी मुख्य केंद्र चिचेस्टर येथे, तर दुय्यम केंद्रे स्वॉनेज आणि बीची हेड येथे उभारली गेली. टेम्स नदीच्या मुखाजवळ एक फसवे प्रक्षेपण केंद्रही होते. हल्ला कॅलेच्या बाजूला होणार, असा शत्रूचा समज व्हावा म्हणून!

८/ सुरुंग काढणाऱ्या व अन्य मिळून २१ नौकांवर ग्राहकयंत्रे बसवली होती; त्यांपैकी १७ नौकांनी ५ जूनला त्यांच्या आधारे मार्ग काढला. साफ केलेल्या वाटांच्या कडेला दिव्यांचे बोये सोडले गेले. पहाटे तीच दिव्यांची रांग धरून सैन्य किनाऱ्याकडे गेले.

९/ एका मोहिमेच्या गरजेतून उभी राहिलेली ही व्यवस्था १९४६मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर कायमस्वरूपी झाली. मासेमारी नौका आणि व्यापारी जहाजे तिच्या भरवशावर फिरू लागली. ब्रिटनमधील तिची अखेरची प्रक्षेपणे ३१ मार्च २०००च्या मध्यरात्री थांबली.