शोधाची हत्यारे आणि वहिवाट

कामगार चळवळीत आमची जी वर्षे गेली, त्यांतील निम्मी याद्या चाळण्यात गेली असे म्हटले तरी चालेल. हजेरीपट, वर्गणीची पुस्तके, कामावरून काढलेल्यांच्या याद्या! यादीत ज्याचे नाव सापडत नाही, त्याचा हक्कही सापडत नाही. म्हणून संगणकाच्या पोटातून फायली आणि ओळी हुडकून काढणाऱ्या, पडद्यावर टंकून द्यावयाच्या साध्या आज्ञांचा इतिहास आम्हांस परका वाटत नाही.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘ग्रेप’ ही आज्ञा १९७३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी तयार केली. ती गरजेतून जन्मली. ली मॅकमॅहन या सहकाऱ्यांना अठराव्या शतकातील ‘फेडरॅलिस्ट’ निबंधांचा मजकूर तपासावयाचा होता; परंतु ‘ईडी’ या संपादनाच्या साधनात तो मावेना. टॉम्प्सन यांनी ईडीतील शोधाचा भाग तेवढा वेगळा काढला. एक ओळ वाचावी, जुळली तर छापावी, पुढे जावे. सबंध फाईल स्मृतीत घेण्याचे कारणच उरले नाही.

त्याच दशकातील ‘फाइंड’ ही आज्ञा नाव, आकार, तारीख यांवरून फायली शोधते. तिने दिलेली यादी ‘एक्सआर्ग्ज’ ही दुसरी आज्ञा पुढच्या कामाकडे पोहोचवते. येथे एक घातक दोष होता. एक्सआर्ग्ज मोकळ्या जागेवर नावे तोडीत असे. ‘पगार जुना’ अशा नावाची फाईल असली तर तिची ‘पगार’ आणि ‘जुना’ अशी दोन नावे होत. पुढचे काम फायली पुसण्याचे असेल, आणि ‘पगार’ नावाची दुसरी फाईल तेथे असेल, तर निरपराध फाईल पुसली जाई! १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाच्या फाइंडमध्ये पुढे यावर उपाय झाला. फाईलच्या नावात जे कधीच येऊ शकत नाही, ते शून्य-चिन्ह दोन नावांमध्ये घालावयाचे. ‘पॉसिक्स’ या सामाईक मानकाने हा उपाय २०२४ साली स्वीकारला. जुना मार्ग मोडला नाही. त्याच्या शेजारी नवा घातला.

सुधारणेचा खरा पेच येथेच आहे. ‘ईग्रेप’ आणि ‘एफग्रेप’ ही ग्रेपची जुनी भावंडे. ग्नू ग्रेपच्या पालकांनी २००७ साली ती कालबाह्य ठरवली, कारण तेच काम ग्रेपच्या पर्यायांनी होते. २०२२ सालच्या ३.८ या आवृत्तीपासून त्या आज्ञा वापरताच इशाऱ्याची ओळ उमटू लागली. आज्ञा बंद केल्या नव्हत्या. तथापि जुन्या कार्यक्रमांत जेथे उत्तराची ओळन् ओळ ताडून पाहिली जाते, तेथे ही जादा ओळसुद्धा अडचणीची.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ अन्वये ठरावीक सेवाशर्ती बदलावयाच्या तर मालकाला एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागे. चालत आलेली वहिवाट मोडणे हाही असाच बदल मानला जाई. ग्रेपची नोटीस तर पंधरा वर्षांची होती! पण ती दस्तऐवजात होती, कामाच्या जागी नव्हती. गेटवर न लावलेली नोटीस कामगाराने वाचली, असे आम्ही कधी मान्य केले नाही. २०१६ साली अँड्र्यू गॅलंट यांनी ‘रिपग्रेप’ हे वेगवान साधन आणले, ते वेगळ्या नावाने. म्हणून कोणाची वहिवाट मोडली नाही.

बदल करताना जुने मोडले की नाही, हे चाचणीने कळते. रिकामा कप्पा घ्यावा. त्यात मोकळी जागा असलेली, मध्येच ओळ तुटलेली, वजाच्या चिन्हाने सुरू होणारी अशी अवघड नावे ठेवावीत. आज्ञा चालवावी आणि उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडावे. दोष दुरुस्त झाला की त्याची चाचणी कायमची संग्रहात ठेवतात. पुढची सुधारणा कितीही हुशार माणसाने केली, तरी तिला त्या सर्व चाचण्यांतून जावे लागते. आमच्या मते ही नोंदवलेल्या तक्रारींची वहीच होय. तक्रार तोंडी राहिली तर माणूस बदलताच विसरली जाते.

या वहीत आपल्या लिपीच्या तक्रारीही हव्यात. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो: एक सबंध चिन्ह म्हणून, किंवा साध्या ‘र’ला नुक्त्याचे चिन्ह जोडून. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. ग्रेप मात्र चिन्हे जशीच्या तशी ताडते. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले नाव सापडत नाही. यादीत दोन कऱ्हाडकर असावेत आणि एकच निघावा, असे घडू शकते. हे अमेरिकेतल्या माणसाच्या आपणहून ध्यानात यावे तरी कसे? ज्याचे नाव गळते त्यानेच ते सांगितले पाहिजे. दोन ओळींची फाईल करावी, दोन्ही रीतींनी तेच नाव लिहावे, आलेले उत्तर नोंदवावे आणि या साधनांच्या पालकांकडे पाठवावे. एवढे काम आपल्या गावातील कोणाही शिकत्या मुलास करता येण्याजोगे आहे.