लंडन बल खरोखरच सर्वांत दुबळे?

* ‘लंडन बल सर्वांत दुबळे’ हे लेखकाचे विधान सारख्या आकाराच्या लहान रेणूंपुरतेच खरे आहे. ते सरसकट लावू नये. हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड ही मालिका घ्या. या क्रमाने रेणूची ध्रुवीयता कमी होत जाते, म्हणजे द्विध्रुवांमधली ओढ घटते. तरीही उत्कलनबिंदू चढतच जातो : सुमारे −८५, −६७ आणि −३५ अंश सेल्सिअस. कारण आयोडीनचा अणू मोठा. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर आणि सैल धरलेले. ते क्षणभर एका बाजूला सरकले की शेजारच्या रेणूतही तसाच असमतोल उमटतो आणि दोघे एकमेकांकडे ओढले जातात. हेच लंडन बल. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये पुंजयांत्रिकीच्या आधारे त्याचा उलगडा केला. ध्रुवीयता मुळीच नसलेले आयोडीन खोलीच्या तापमानाला घन राहते, तेही याच बळावर.

मात्र मालिकेतला सर्वांत लहान रेणू, हायड्रोजन फ्लोराइड, सुमारे २० अंशांना उकळतो. तिथे हायड्रोजन बंध आहे. पाण्यात या बंधाची ताकद मोलमागे सुमारे २० किलोज्यूल भरते. पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुज बंधाची सुमारे ४६०. (पाणी उकळताना तुटतो तो पहिला, दुसरा नव्हे, वाफ हेही पाणीच. विद्यार्थ्यांचा इथे फार गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम नोंदवले.) — संपादक