तरव्यापुरती राख

मे महिन्यात गावाहून परतलो की माझ्या शर्टाला धुराचा वास यायचा. राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत माझ्याबरोबर शिरोळकडचा एक मित्र राहायचा. तो नाक मुरडून विचारायचा, “आलास काय रं तरवा भाजून?” साल १९८२. दोघंही शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होतो.

त्याचं गाव कृष्णाकाठी, माझं गगनबावड्याकडं. जिल्हा एक, पण माती दोन टोकांची. त्याच्याकडं उसाला पाणी पाजून पाजून रान चोपण झालेलं, उन्हाळ्यात वर पांढरी पापडी धरणारं. माझ्याकडं तांबडी माती आणि खाली जांभा. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. एवढं पाणी मातीतला चुना आणि पालाश धुऊन नेतं. मागं लोह नि ॲल्युमिनियम उरतं आणि माती आंबट होते.

एकदा दोघांनी आपापली माती कागदात बांधून आणली. सामू पाहिला. त्याची साडेआठच्या पुढं गेली, माझी पाचाजवळ थांबली. सामू सातवरून पाचवर आला म्हणजे आंबटपणा शंभरपट वाढला. मग गच्चीवर दोन कुंड्यांत मूग पेरले. माझे चौथ्या दिवशी झाडून सगळे उगवले. त्याचे निम्मेही वर आले नाहीत, कारण खारट माती बियाला पाणीच ओढू देत नाही. मी चार दिवस मिरवून घेतलं.

पंधराव्या दिवशी रोपं उपटून बादलीत धुतली. माझ्या मुगाची मुळं आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी. बारीक तंतू जवळपास नव्हतेच. मित्र म्हणाला, “तुझं बी उगवलं लेका, पण जगलं कुठं?” बी उगवतं ते स्वतःच्या डाळीतल्या शिदोरीवर. ती संपली की मुळाला मातीत तोंड घालावं लागतं. सामू साडेपाचाच्या खाली असला तर तिथं विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळाच्या टोकाची वाढच थांबवतं. स्फुरद मातीत असून मिळत नाही, लोह-ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात. शेजारी एका तिसऱ्या कुंडीतही मूग पेरले होते, पण तिच्यात माझ्याच मातीत मूठभर चुलीची राख मिसळली होती. तिथली मुळं पांढरी आणि लांब निघाली.

ही राख आमच्या शेतीत नवी नव्हती. शिमगा झाला की आज्जी तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यावर थर लावायला घ्यायची: खाली झाडांच्या छाटलेल्या फांद्या, वर पालापाचोळा नि गवत, मग शेण, आणि सगळ्यावर मातीचा पातळ हात. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं, म्हणजे भडका न उडता दिवसभर धुमसत राहतं. त्या राखेत पाऊस लागायच्या तोंडाला भात पेरायचं.

कोकणात याला राब म्हणतात. राबासाठी झाडं छाटतात म्हणून इंग्रजांच्या जंगलखात्यानं ठाणे-कुलाब्यात निर्बंध घातले. लोकांची ओरड इतकी झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. पुढं पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह राबाचा स्वतंत्र अभ्यास करून तो १९१२ मध्ये छापला. राबाचं काम एकट्या राखेवर भागत नाही. आगीनं तणाचं बी मरतं, तापलेल्या मातीतली अन्नद्रव्यंही मोकळी होतात.

मला मात्र एक प्रश्न बरीच वर्षं छळत होता: आज्जी फक्त तरवाच का भाजायची, सगळं खाचर का नाही? लाकूड पुरणार नाही, हे एक उत्तर. दुसरं पाण्यात आहे. चिखलणी करून खाचरात पाणी कोंडलं की हवा तुटते, मातीतलं लोह रूप बदलतं आणि त्यात आंबटपणा खर्ची पडतो. काही आठवड्यांत सामू आपसूक सातकडं सरकतो. तरवा मात्र उताराच्या जागी, पाणी न साचणारा. तिथं कोवळ्या मुळाला आंबट मातीशी एकट्यानंच झुंजावं लागतं. म्हणून राख तेवढ्यापुरती. आज्जीला सामू ठाऊक नव्हता, पण औषध कुठं लावायचं ते ठाऊक होतं.

राबाची किंमत झाडं मोजायची, आणि पावसात राख धुऊन गेली की पुढच्या साली पुन्हा मोजायची. जंगलखात्याचंही सगळंच खोटं नव्हतं. पुढं कृषिशास्त्रज्ञ डॉ. सावंतांच्या चारसूत्री भातशेतीनं यातली राख ठेवली नि छाटणी वगळली: पहिल्याच सूत्रात गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायला सांगितली आहे. लाकडाच्या राखेइतका ती आंबटपणा मारत नाही, कारण तिच्यात मुख्यतः सिलिका असते. पण सिलिकानं रोप ताठ होतं, आणि त्यासाठी एकही फांदी तोडावी लागत नाही.

गेल्या मे महिन्यात पुतण्या गावाहून राजारामपुरीत आला, तो गिरणीतून तुसाच्या राखेची दोन पोती भरून. शर्टाला धुराचा वास नव्हता. बोटं मात्र आज्जीसारखीच काळी होती.