जीप आणि कामणची धूळ

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. शाळेत सनावळ्यांशी माझं फारसं जमलं नाही, हे सरांना आठवत असेलच. जुन्या गाड्यांच्या सनावळ्या मात्र पाठ आहेत. म्हणून लिहितो एअर फिल्टरविषयी.

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात तयार झाली, पण तिला कारखान्यातून एअर फिल्टर मिळतच नसे. रस्त्यावरची धूळ थेट इंजिनात जाई आणि तेलात मिसळून पिस्टन, रिंगा, सिलिंडर घासत बसे. यावर पुढे आलेला उपाय म्हणजे ऑइल बाथ. डब्याच्या तळाशी तेल. आत आलेली हवा तेलाजवळ एकदम वळते, जड कण वळू न शकल्यामुळे तेलात पडतात आणि उरलेले वर तेलकट जाळीत अडकतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपलाही हेच होतं. त्याच घराण्यातली सीजे-३बी महिंद्रने आपल्याकडे कित्येक वर्षं बनवली. माझ्या शेडमध्ये उभी आहे ती हीच.

ऑइल बाथ वेगावर चालतो. इंजिन जोरात फिरत असेल तर हवा वेगाने वळते आणि धूळ नीट पडते. इंजिन मंद चालत असेल तर बारीक धूळ निसटते. चिंचोटी–कामण–भिवंडी रस्त्यावर आज नेमकं हेच होतं. पुढे खडीचा डंपर, मागे ट्रेलर आणि मध्ये आपली जीप पहिल्या गियरमध्ये. ज्या यंत्राने युद्ध काढलं, त्याला आपली वाहतूक कोंडी झेपत नाही!

म्हणून मी डबा मूळचाच ठेवला आणि तेल व जाळी काढून आत घडीचा कागदी फिल्टर बसवला. बॉनेट उघडलं तरी फरक कळत नाही. फिल्टर मात्र पुरेसा मोठा घेतला. लहान घेतला की हवा अडते, मिश्रण घट्ट होतं आणि पेट्रोल जास्त जातं. खालून-वरून रबरी सील लावलं. सगळ्यात महत्त्वाची ती तेल भरण्याच्या नळीकडून एअर क्लीनरकडे येणारी बारीक नळी. काही मेकॅनिक ती काढून टाकतात. मग कितीही भारी फिल्टर लावा, धूळ मागच्या दाराने तेलात उतरते. मी ती नवीन क्लिपा लावून पक्की केली.

हौशी मंडळी तेल लावलेले कापडी फिल्टर सुचवतात. शर्यतीसाठी ठीक, खडीच्या रस्त्यावर मला तरी कागदच बरा वाटतो.

जुनी जाळी रॉकेलने धुऊन, फडक्यात गुंडाळून जीपच्या हत्यारपेटीत ठेवली आहे. कुणाला गाडी मूळ रूपात बघायची असेल तर कामणला या, दहा मिनिटांत परत बसवून दाखवतो.