मुलाम्याची रीत आणि प्रकाशाचा ठोका

दागिन्यावर मुलामा चढवताना तुम्ही पाहिलं असेल. द्रावणात दागिना सोडायचा, वीज द्यायची आणि धातूचा पातळ थर धरू द्यायचा. हीच रीत वापरून आपल्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. एच. पवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चांदीवर अतिवाहक थर तयार केले. चांदीची हुपरी इथून जवळच. मला या योगायोगाची गंमत वाटते.

अतिवाहक म्हणजे ठरावीक थंडीखाली ज्याचा विजेला होणारा विरोध पार नाहीसा होतो, तो पदार्थ. 1911 मध्ये हॉलंडच्या कामरलिंग ओनेस यांना हा गुण पाऱ्यात दिसला, तोही उणे 269 अंशांना. या उंबरठ्यावर तापमान केसभर वाढलं तरी विरोध एकदम उसळतो. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची ऊब मोजायला याहून हळवा मापक कुठला? 1942 च्या सुमारास अमेरिकेत तसा मापक झालाही. अडचण होती महागड्या द्रव हीलियमची. 1987 मध्ये इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड उणे 180 अंशांनाच अतिवाहक होतं असं कळलं आणि द्रव नायट्रोजनवर भागू लागलं.

कोल्हापूरचं काम या लाटेतलं. 2000 नंतरच्या वर्षांत इथे अतिवाहक थरावर कॅडमियम सेलेनाइडचा थर देऊन त्यावर लाल लेसर टाकून पाहिला गेला. प्रकाशाने अतिवाहकाच्या वागण्यात फरक पडतो का, हा प्रश्न होता. पडतो, असं दिसलं.

पण प्रकाशाचा ठोका मोजायचा, तर नुसतं तापून चालत नाही, लगेच निवावंही लागतं. जाड तवा चुलीवरून उतरवला तरी कितीतरी वेळ गरम राहतो ना? म्हणून 2012 मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी त्याच इट्रियमच्या ऑक्साइडचा काही दशक नॅनोमीटरचा थर वापरला आणि दूरच्या अवरक्तातले, काही पिकोसेकंदांचे ठोके टिपले. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! पुढे 2020 मध्ये अमेरिकेत नायोबियम नायट्राइडच्या तारेने अवरक्त प्रकाशाच्या एकेका कणाची वेळ पाचाहून कमी पिकोसेकंदांच्या अचूकतेने नोंदवली. त्याला मात्र पुन्हा हीलियमची थंडी लागली.

मुलाम्याचा थर जाड आणि रवाळ; या शर्यतीत तो उतरणारा नव्हता. मी कॉलेजात शिकवायचो तेव्हा मुलं विचारायची, “मग सर, ते काम वाया गेलं का?” मी म्हणायचो, “अरे, त्यांनी ठोका मोजायला घेतलाच नव्हता. महागडी निर्वात यंत्रं नसताना थर कसा धरवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी सोडवला.”