वाटण्यांचा इतिहास

आपल्यापैकी पुष्कळांच्या नावे गावाकडे जमिनीचा एखादा तुकडा असतो. सातबाऱ्यावर भावांच्या आणि चुलत्यांच्या नावांखाली आपलेही नाव, आणि हिश्शाला काही गुंठे! हे गुंठे कसे उरले, याचा इतिहास एका परकीयाने फार कष्टाने शोधून ठेवला आहे.

डॉ. हॅरॉल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ. आसामातील चहाच्या संशोधनावर काही वर्षे काढून १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य झाले. पुण्यापासून कोस-चार कोसांवरचे, पवनेकाठचे पिंपळे सौदागर हे गाव त्यांनी घरोघर हिंडून तपासले आणि १९१७ साली तो वृत्तांत प्रसिद्ध केला. जुन्या कागदांवरून त्यांना आढळले, की १७७१ साली येथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा झाली, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४, आणि १९१४-१५ साली अवघी ७. पेशवाई बुडाली त्या वर्षीच निम्म्याहून अधिक घट झालेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे सारा दोष इंग्रजी अमलावर टाकण्याची सोय उरत नाही.

बरे, हे सात एकरही सलग नव्हते. १५६ खातेदारांचे सातशेंहून अधिक तुकडे. त्यांपैकी ४६३ एकराच्या आतले आणि ११२ तर दहा गुंठ्यांच्याही आतले! कारण उघड आहे. आपल्याकडे वाटणी होते ती शेताशेताची. काळ्या रानात चौघांचा हिस्सा, मुरमाड माळात चौघांचा, विहिरीजवळच्या पट्टीतही चौघांचा. कोणाही भावाच्या वाट्याला नुसता माळ येऊ नये, हा त्यातला न्याय. घरात समता राहते. नांगराला मात्र वळायला जागा राहत नाही.

पिंपळे सौदागरच्या लोकांना जवळच्या खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मजुरी मिळे. म्हणून मॅनसाहेबांनी शहरापासून लांबचे, शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक हे जिराईत गाव श्री. कानिटकरांच्या साहाय्याने तपासले. तो ग्रंथ १९२१ चा. तेथेही तेच दिसले. फक्त पाऊस हुकला की अधिक उघडे दिसले.

मुंबई सरकारने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. कागदावर तुकडे थांबले; भावांनी तोंडी वाटण्या करून बांध घातले, ते कोणी मोजले? आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे, आणि तेथली जमीन गुंठ्यावर नव्हे, फुटावर विकली जाते.

थोरल्या बंधूंनी मला हक्कसोडपत्राचा मसुदा पाठविला आहे. पेन्शन मला आहे, शेती त्यांना आहे. सही करावयास काहीच हरकत नाही. कागद तीन महिने टेबलावर पडून आहे.