जठरातला जिवाणू आणि गळ्यातली ग्रंथी : एका संशयाचा इतिहास

"डॉक्टर, पोटातले जिवाणू मारले तर थायरॉईडची गोळी बंद होईल का?" एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह' लिहून आलं की हा प्रश्न बरेच रुग्ण विचारतात. इंटरनेटवर तसं वाचलेलं असतं. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात जपानमध्ये झाली. 1912 साली हाकारू हाशिमोतो या तरुण सर्जनने एका जर्मन नियतकालिकात लेख लिहिला. गळ्याला गाठ आलेल्या चार स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या होत्या. ग्रंथीत पांढऱ्या पेशींची (लिम्फोसाइट्सची) दाटी होती. त्या तिथे का जमल्या, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. हाशिमोतो पुढे आपल्या गावी परतला, तिथे डॉक्टरकी केली आणि 1934 मध्ये टायफॉइडने गेला. आज त्याचं नाव कोट्यवधी रुग्णांच्या कागदांवर असतं; ते पाहायला तो राहिला नाही.

उत्तर मिळायला 44 वर्षं लागली. शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, असा त्या काळी समज होता. 1956 मध्ये लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि पीटर कॅम्बेल यांना हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉईडमधल्याच एका प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडीज सापडल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचला, आणि त्यांच्या ग्रंथीला तशीच सूज आली. म्हणजे घराची राखण करणारा पहारेकरीच घरच्यांना चोर समजून मारत होता. यालाच आपण ऑटोइम्युन आजार म्हणतो.

पोटाचा संबंध इथे आला

1960 च्या दशकात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. थायरॉईडच्या अँटीबॉडीज असलेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींविरुद्धही अँटीबॉडीज होत्या. अशा जठरामुळे बी-12 शरीरात नीट शोषलं जात नाही आणि रक्त कमी होतं. या जोडीला 'थायरोगॅस्ट्रिक' असं नाव पडलं. गळा आणि पोट एकत्र आजारी पडतात हे कळलं, पण ठिणगी कुठून पडते हे कळलं नाही.

त्या वेळी जठरात जिवाणू राहत असतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. एवढ्या आम्लात कोण जगणार? 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरेन यांना जठराच्या तुकड्यांत वाकडे जिवाणू दिसले. तरुण बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत जिवाणू वाढेनात, कारण बशा दोन दिवसांत फेकून दिल्या जात. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढले! लोक तरीही मानेनात, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचा द्रव स्वतः प्यायला आणि जठराला सूज आणून दाखवली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं.

संशयित सापडला, पुरावा अर्धवट

साहजिकच 1990 च्या दशकात प्रश्न निघाला : ठिणगी टाकणारा हाच तर नाही? कल्पना पटण्यासारखी होती. जिवाणूचे काही भाग आपल्या पेशींसारखे दिसतात. जिवाणूला मारायला तयार झालेलं सैन्य सारख्या चेहऱ्यामुळे आपल्याच पेशींवर जाऊ शकतं. जठराच्या बाबतीत याला प्रयोगशाळेत आधारही मिळाला आहे. थायरॉईडबद्दल मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत ऑटोइम्युन थायरॉईडच्या रुग्णांमध्ये हा जिवाणू जास्त आढळला, काहींत फरक दिसला नाही. जिवाणू मारल्यावर अँटीबॉडीज कमी झाल्याचं सांगणारे अभ्यास अगदी थोड्या रुग्णांवर झाले आहेत.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. पावसाळ्यात छत्र्या आणि बेडूक दोन्ही दिसतात. छत्र्यांमुळे बेडूक येत नाहीत. शिवाय आपल्याकडे हा जिवाणू अनेकांच्या पोटात असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना थायरॉईडचा त्रास नसतो.

पण एक संबंध पक्का आहे

तो ऑटोइम्युन नाही, शोषणाचा आहे. 2006 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. जठरात एच. पायलोरी किंवा जुनी सूज असलेल्यांना गोळीचा डोस 22 ते 34 टक्के जास्त लागत होता. गोळी नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. ते कमी झालं की गोळी पुरती लागू पडत नाही. संसर्गानंतर वाढलेला टीएसएच जिवाणूचा उपचार झाल्यावर बराचसा पूर्ववत झाला.

म्हणून तुमच्यासाठी चार गोष्टी :

1. जिवाणू मारला तरी थायरॉईडची गोळी स्वतःहून बंद करू नका. आधीच नुकसान झालेली ग्रंथी त्याने पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

2. गोळी नियमित, उपाशीपोटी घेऊन, चहा अर्ध्या-एक तासाने आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी घेऊनही टीएसएच खाली येत नसेल, तर डॉक्टरांना पोटाबद्दल विचारा. पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज घेत असाल तर तेही सांगा. तिच्यामुळेही आम्ल कमी होतं.

3. एच. पायलोरीची तपासणी श्वासाची किंवा शौचाची करता येते. त्याआधी पित्ताची गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. उपचारातल्या अँटिबायोटिक्सचा कोर्स अर्धवट सोडू नका, नाहीतर जिवाणू औषधांना दाद देत नाही.

4. उपचार संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. आता तीच गोळी जास्त शोषली जात असेल, तर जुना डोस तुम्हाला जड होऊ शकतो. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं असं काही वाटलं तर आठ आठवडे थांबू नका, लगेच दाखवा.